मोरचूद आणि चुना

उमाकांत त्याला माड म्हणतो.
माड नाहीच तो. कसलासा चिनी ताड,
खोडाला माकडासारखी लव,
पानं लग्नातल्या विंझणवाऱ्यासारखी.
जहाजावरून बर्गनला उतरला, तिथलाच झाला,
आणि चाळिशीनंतर एक दिवस
दाराशी खड्डा खणून बसला माझा भाऊ.

नोव्हेंबर लागला की तो झाडाची पानं वर बांधतो
शेंडी बांधावी तशी,
खोडाला गोणपाट, त्यावर जुनी गोधडी,
आत दिव्यांची माळ, उबेपुरती.
शेजारीण विचारते, तुमचा सण आहे का काही?
हा हो म्हणतो.
तिथे मालवणी बोलायला दुसरं कुणी नाही,
म्हणून झाडाशीच बोलतो रात्री,
"थंडी वाजता रे तुका?"

आणि मी इथे, देवगडात,
भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई,
निवडुंग लावते.
अक्षांश, पर्जन्यमान, सगळं तोंडपाठ असून लावते.
कुंडीत चिऱ्याचे तुकडे, नदीची वाळू, विटेचा चुरा,
माती नावापुरती.
वर पारदर्शक पत्रा, बाजूंना
रापणीच्या जाळ्याचा फाटका तुकडा, मांजरासाठी.
तरी जुलैत हवाच पाणी असते.
हात लावला तर बुंधा उकडलेल्या बटाट्यासारखा आत जातो.
मग कापायचं, राख लावायची,
वरचा तुकडा सुकटीच्या डब्याशेजारी
फळीवर ठेवायचा आठ दिवस.
यंदा फळीवर पाच तुकडे होते.
जयवंती कामाला येते, ती म्हणते,
"बाई, ह्येचा लोणचा घालतात काय?"

आमचं बोलणं हे एवढंच असतं.
त्याच्याकडे उणे किती, माझ्याकडे इंच किती.
एकदा म्हणाला, "अण्णा माडाक मीठ घालीत, मी घालू?"
म्हटलं, मीठ तिथे रस्त्यावर टाकतात ना, बर्फ वितळायला?
मग झाडाला कशाला, वेड्या.
दोघंही हसलो. मग तो म्हणाला,
"इथलो रस्तो खारट, नि झाड अळणी."
नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही
आणि पैसे कुणाचे जातायत हेही कुणी काढलं नाही.

फेब्रुवारीत फोन आला. भलत्या वेळी.
"सुई हातात इली गो."
शेंड्यातली कोवळी सुई, न उघडलेलं पान,
त्यानं नुसतं चाचपलं
आणि ते सुटून आलं, खाली काळं, आंबूस.
पुढे त्याला बोलता येईना.
साठीचा माणूस.

मी उठले. अण्णांची वही काढली नाही,
लागली नाही. हातालाच आठवलं.
म्हटलं, लिही.
मोरचूद शंभर ग्रॅम, पाच लिटर पाण्यात.
चुना शंभर ग्रॅम, दुसऱ्या पाच लिटरात.
बादल्या प्लॅस्टिकच्या. वेगवेगळ्या.
मग दोन्ही एकदम ओत तिसरीत, ढवळत.
कोयता बुडवून बघ.
तो म्हणाला, कोयता कुठला इथे.
मग सुरी बुडव, लोखंडी, जुनी.
पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला, आणखी घाल.
स्वच्छ निघालं, की शेंड्यात ओत.
आणि मग?
मग काही नाही. गोधडी काढ. वारा लागू दे.
आणि रोज चाचपू नको.

मे अखेरीस फोटो आला,
काळ्या भोकातून नखाएवढं हिरवं.
शेजारी मापाला आगपेटीची काडी.
जयवंतीला दाखवला, तर म्हणाली,
"ह्या एवढ्यासाठी?"

ऑगस्टमध्ये माझा मोठा गेला.
एकवीस वर्षांचा, कोल्हापूरच्या प्रदर्शनातून
मांडीवर घेऊन आणला होता एस्टीतून,
टॉवेलात गुंडाळून, तरी मांडीत काटे.
सकाळी उभा होता, संध्याकाळी कुंडीच्या काठावर मान.
कापायला आत पांढरं काही उरलंच नव्हतं.

रविवारी उमाकांतनं विचारलं,
"तुजे काटे बरे आसत मा?"
म्हटलं, आसत.

कुंडी पत्र्याखाली तशीच आहे.
आत वाळू, कोरडी ठणठणीत.
अख्ख्या देवगडात एवढी कोरडी जागा दुसरी नसेल.
मांजरानं जाळ्याला भोक पाडलंय
आणि दुपारी त्यात झोपतं, गोल होऊन.
मी उठवत नाही.